संकासुराची दाढी

शिमगा जवळ आला की आमच्या अंगणवाडीतली पोरं पालखी नाचवतात, नाहीतर शिमग्याच्या सोंगातला संकासुर खेळतात. डोक्याला टॉवेल गुंडाळला, कमरेला रिकाम्या डब्या बांधल्या की झाला संकासुर. बाकीची किंचाळत पळतात आणि पुन्हा त्यालाच बोलावतात. तो खोटाखोटा आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. भातुकलीतला वाळूचा भात कुणी गिळत नाही.

म्हणून मुलांना कल्पनेपासून लांब ठेवावं, हे मला कधीच पटलं नाही. लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी सांगायला माँटेसरीबाईंचा विरोध होता. त्यांची पद्धत भावनगरला रुजवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी मात्र गोष्टीला बालशिक्षणात मानाचं पान दिलं. मी गिजुभाईंच्या बाजूची.

मुलांचा गोंधळ उडतो तो मोठ्यांच्या थापांनी. "जेव, नाहीतर संकासुर नेईल," असं आई गंभीर चेहऱ्याने सांगते. आईचं खरं मानायचं नाही, तर चार वर्षांच्या जिवाने कुणाचं मानायचं? आमच्याकडची एक मुलगी याच धाकाने तिन्हीसांजेला परसात जाईनाशी झाली होती.

तिच्याच वाडीत संकासुराचं सोंग घेणाऱ्या आबांना मी बोलावलं. त्यांनी आधीच बजावलं, "बाई, सोंगाची थट्टा न्हाय करायची. मान हाय त्याला." मला ते मनापासून मान्य होतं. मग पोरांच्या घोळक्यात बसून त्यांनी बोचकं सोडलं. काळा अंगरखा निघाला, उंच टोकदार टोपी निघाली. पांढरी दाढी तर प्रत्येकाने ओढून पाहिली, काहींनी हुंगलीसुद्धा. घुंगरांचा पट्टा बांधताना त्या मुलीने एक टोक घट्ट धरून ठेवलं. टोपी चढली तशी दोन पोरं मागे सरकली. आबांनी ती लगेच उतरवली, जरा थांबून पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "आता घाला!"

शिमग्यात रात्री घुंगरं वाजली, तेव्हा ती आजीच्या पदराआड लपलीच. मला नवल वाटलं नाही. पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना रिकाम्या खोक्यात एखादा प्राणी किंवा राक्षस आहे अशी कल्पना करायला सांगितलं होतं. आत खरं काही नाही हे माहीत असूनही काही मुलं खोक्यापाशी बिचकत होती. कळतं आधी, धीर मागून येतो; मधला वेळ मुलाला द्यायला हवा. पदराआडून ती ओरडली, "आबा, मी वलाकलंय तुमाला!" आणि संकासुर तिच्यासमोर दुप्पट जोरात नाचला.

नंतरच्या पालकसभेत मी आयांना एवढंच सांगितलं, की संकासुर अंगणात नाचू दे, त्याला पोराच्या ताटाशी आणू नका. एकीने विचारलं, "मग जेवत न्हाय त्याचं काय?"

"त्या दिवशी दोन घास कमी जेवू दे," मी म्हटलं. "भूक लागली की मागेल."