सोडता येईल अशी सेवा

सीआयची क्लाउड सेवा कोणती घ्यावी, हे विचारायला येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एक तक्ता असतो. सेवांची नावं, महिन्याला फुकट मिळणारी मिनिटं, त्यापुढच्या मिनिटाचा दर, एका वेळी किती कामं चालतात, असे रकाने त्यात भरलेले असतात. मी तक्ता बघायच्या आधी एकच विचारते : उद्या ही सेवा सोडावी लागली, तर तुम्हाला किती दिवस लागतील? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याची निवड सहसा चुकत नाही.

या धंद्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. आमचं ऑफिस स्वारगेटला, सातारा रोडच्या बाजूला आहे. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी आम्ही तिकीट बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. पाच-सहा जण एकाच प्रोग्रामवर काम करत असतात. कोणीही बदल करून तो वर पाठवला (पुश केला), की तो एका कोऱ्या मशीनवर जातो, तिथे सगळा प्रोग्राम नव्यानं बांधला जातो आणि त्यावर हजारभर चाचण्या चालतात. निकाल हिरवा आला तर बदल पुढे जातो, लाल आला तर तिथेच थांबतो. यालाच सीआय म्हणतात. ते कोरं मशीन स्वतःचं ठेवायचं की भाड्यानं घ्यायचं आणि भाड्यानं घ्यायचं तर कोणाकडून, एवढाच हा प्रश्न. पण हे मशीन दिवसभर, प्रत्येकाच्या प्रत्येक बदलाच्या वाटेत उभं असतं. ते अडलं की सगळं ऑफिस अडतं.

आमचं स्वतःचं मशीन बरीच वर्षं टेबलाखाली होतं आणि हे सगळं काम करणारं जेनकिन्स हे सॉफ्टवेअर त्यावर चालायचं. जेनकिन्सबद्दल मला आजही आदर आहे. कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ते ‘हडसन’ या नावानं सुरू केलं. सन ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये वापरणाऱ्यांनी ते ‘जेनकिन्स’ म्हणून पुढे नेलं. मालक बदलला तरी काम थांबलं नाही, कारण कोड सगळ्यांसाठी खुला होता. आमची अडचण वेगळी होती. वीज गेली, डिस्क भरली, एखाद्या प्लगइनची नवी आवृत्ती दुसऱ्या प्लगइनला चालेना, की दोघांचा अर्धा दिवस त्यातच जायचा. लहान ऑफिसला हा खर्च दिसत नाही, कारण त्याचं बिल येत नाही.

म्हणून आम्ही भाड्याच्या सेवेकडे वळलो, आणि पहिल्या आठवड्यातच तिनं आमच्या प्रोग्रामबद्दल दोन गोष्टी शिकवल्या. तिकिटाची पीडीएफ तयार होते का, हे बघणारी एक चाचणी आहे. क्लाउडवरच्या कोऱ्या मशीनमध्ये तिनं तयार केलेलं तिकीट मी उघडलं. ‘स्वारगेट’च्या जागी ओळीनं रिकामे चौकोन. त्या मशीनवर देवनागरीचा फॉन्टच नव्हता. फॉन्ट घातला तेव्हा अक्षरं आली, पण ‘स्व’ हे जोडाक्षर सुटं, पाय मोडलेला स आणि शेजारी व. अक्षरं जोडणारी लायब्ररी टेबलाखालच्या मशीनवर कोणीतरी, कधीतरी हातानं बसवली होती आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. आता ती मशीनवर काय काय बसवायचं त्या यादीत आहे. सांगली-कोल्हापूरच्या गाडीत बसणाऱ्या माणसाच्या हातातल्या कागदावर गावाचं नाव धड यावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त खोल होती. एक चाचणी सकाळी हिरवी यायची आणि मध्यरात्रीनंतर कोणी पुश केलं की लाल. सगळे म्हणाले, सेवाच बेभरवशाची आहे, पुन्हा चालवा. अशा लहरी चाचण्या सगळीकडे असतात. गुगलनं २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडीफार लहर आहे. पण ही चाचणी लहरी नव्हती, वेळेची अगदी पक्की होती : रात्री बारा ते पहाटे साडेपाच. क्लाउडवरच्या मशीनचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रविवार उजाडला तरी त्या मशीनवर शनिवारच असतो. चाचणी ‘आज’च्या गाड्या मागत होती आणि मशीनचा ‘आज’ वेगळा होता.

चाचणीपुरतं घड्याळ पक्कं केलं असतं तर लाल जाऊन हिरवं आलं असतं. पण प्रश्न चाचणीपुरता नाही असं वाटलं, म्हणून मी खाली उतरून एका बुकिंग ऑफिसमध्ये विचारलं. काउंटरवरचे काका म्हणाले, “ताई, रात्री साडेबाराच्या गाडीला प्रवासी शनिवारचीच गाडी म्हणतो. तारीख रविवारची लागते. मग माणूस येतो दुसऱ्या दिवशी रात्री आणि गाडी गेलेली असते. म्हणून आम्ही तिकिटावर हातानं लिहितो, ‘शनिवारी रात्री’.” त्या हातानं लिहिलेल्या दोन शब्दांसाठी आम्ही प्रोग्राममध्ये वेगळी जागा केली. आता मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक गाडीच्या तिकिटावर तारखेसोबत कोणत्या वाराची रात्र तेही छापून येतं. आणि चाचण्यांनी मशीनचं घड्याळ बघायचं नाही, वेळ आम्ही देऊ तीच धरायची, असा नियम झाला.

आता सोडून जाण्याकडे येते. या सेवा नाहीशा होतात किंवा बदलतात, हे आपण पाहिलेलं आहे. ट्रॅव्हिस सीआय २०११ मध्ये सुरू झाली आणि मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पांना फुकट होती, त्यामुळे जगभरचे प्रकल्प तिच्यावर विसावले. २०१९ च्या जानेवारीत ती आयडेरा कंपनीनं घेतली, आणि २०२१ च्या जूनमध्ये मुक्त प्रकल्पांसाठीचं तिचं जुनं संकेतस्थळ बंद झालं. ज्यांचं सगळं त्या सेवेच्या खास भाषेत लिहिलेलं होतं, त्यांना ते पहिल्यापासून लिहावं लागलं. भाड्याच्या घराच्या भिंतीत जितके खिळे ठोकाल, तितकं सामान काढायला वेळ लागतो. म्हणून आमचा बांधणीचा सगळा क्रम एका साध्या शेल स्क्रिप्टमध्ये आणि एका डॉकर इमेजमध्ये, म्हणजे कोऱ्या मशीनच्या तयार साच्यात, आहे. सेवेसाठी सूचना लिहिलेल्या यामल फाइलनं फक्त त्या स्क्रिप्टला हाक मारायची. नव्या मुलानं पहिल्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट चालवून दाखवायची.

चाव्यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. बांधलेला प्रोग्राम सर्व्हरवर चढवायला त्या मशीनला पासवर्ड आणि टोकन द्यावे लागतात. २०२३ च्या ४ जानेवारीला सर्कलसीआयनं आपल्या सगळ्या ग्राहकांना, ठेवलेली सर्व गुपितं बदला, असं कळवलं. त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर शिरलं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये गिटहब अ‍ॅक्शन्स या सेवेत वापरली जाणारी ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ची एक तयार पायरी कोणीतरी बिघडवली. ती २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरींमध्ये वापरात होती आणि गुपितं थेट लॉगमध्ये छापत होती. ज्यांनी आवृत्तीच्या नावाऐवजी कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे त्या कोडची न बदलणारी ओळख, लिहिला होता आणि मधल्या काळात तो बदलला नव्हता, ते वाचले. परक्याची प्रत्येक पायरी आम्ही आता हॅशनंच बांधतो. कायमची चावी सेवेकडे ठेवत नाही, प्रत्येक बांधणीपुरती, थोड्या वेळात संपणारी परवानगी मागतो. चाचणीच्या डेटात खऱ्या प्रवाशांची नावं, मोबाइल नंबर होते, तेही काढून टाकले. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी ते काढायलाच हवे होते. डेटा कुठे जातो, हाही प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ क्लाउड केंद्र पुण्यातच आहे, पण त्यांच्याच मालकीच्या गिटहबचा साधा रनर, म्हणजे भाड्याचं मशीन, घेतला तर तो कुठल्या देशात चालावा, हे आपल्याला निवडता येत नाही. एडब्ल्यूएस कोडबिल्ड या दुसऱ्या सेवेत मुंबई निवडता येते. ज्यांच्या करारात डेटा देशाबाहेर नको असं लिहिलं आहे, त्यांनी दराआधी हे बघावं.

दराचं थोडक्यात. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये प्रत्येक कामाचा वेळ वरच्या पूर्ण मिनिटापर्यंत धरला जातो. वीस सेकंदांच्या दहा तुकड्यांचं बिल दहा मिनिटांचं होतं, एकत्र केले तर चार मिनिटांचं. तक्त्यात हे दिसत नाही.

वेगाबद्दल मात्र तडजोड नको. सॉफ्टवेअर तज्ज्ञ केंट बेक यांनी बांधणी आणि चाचण्या मिळून दहा मिनिटांची मर्यादा सुचवली होती आणि ती आजही बरोबर वाटते. आमचा एक सहकारी जिल्हा न्यायालय स्थानकावर मेट्रोत बसायच्या आधी बदल पुश करतो. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट, आणि जिना चढून जेधे चौकात येईपर्यंत त्याच्या मोबाइलवर निकाल आलेला असतो. हाच निकाल पाऊण तासानं आला असता, तर तोवर तो दुसऱ्या कामात गुंतला असता आणि मूळ बदल डोक्यात पुन्हा भरावा लागला असता. महागडं मोठं मशीन घेण्याआधी कॅश, म्हणजे एकदा उतरवलेलं जपून ठेवण्याची सोय, नीट लावून बघावी. आमचा सर्वांत जास्त वेळ त्याच त्या लायब्ररी पुन्हा उतरवण्यात जात होता.

शेवटी आम्ही गिटहब अ‍ॅक्शन्स घेतली, कारण कोड तिथेच होता आणि आणखी एका कंपनीकडे चाव्या द्याव्या लागल्या नाहीत. वर्षातून एकदा मात्र तीच स्क्रिप्ट आम्ही दुसऱ्या एखाद्या सेवेवर मुद्दाम चालवून बघतो. बांधणी आणि चाचण्या पहिल्याच झटक्यात चालतात. अडतात त्या दोन गोष्टी : कॅशची मांडणी, आणि सर्व्हरवर चढवण्याची परवानगी. त्या दोन्हींसाठी काय करावं लागेल, ते रिपॉझिटरीतच एका पानावर मराठीत लिहून ठेवलं आहे, आणि यंदा ते पान सगळ्यांत नव्या मुलीनं तपासलं.