शेपटी गेल्यावर

लीड्समधली माझी फ्लॅटमेट शहर सोडून गेली आणि तिची लेपर्ड गेको माझ्याकडे राहिली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर तिने आधी पंचांग काढलं. त्यात पाल अंगावर पडल्याचं फळ दिलेलं असतं, पाळल्याचं नाही.

पहिल्याच आठवड्यात टाकी साफ करायची म्हणून मी तिला वरून धरलं. ती बारीक किंचाळली, वळवळली, आणि शेपटी माझ्या हातात राहिली. तीही वळवळत होती. मला ती टाकवेना, धरवेना. वरून येणारा हात तिच्यासाठी शिकारी पक्षीच असतो, हे नंतर वाचलं. शेपटीत ती चरबी साठवते. म्हणजे मी तिची एफडीच मोडली होती.

जखम भरेपर्यंत खाली टिश्यू पेपर अंथरला आणि हात लावला नाही. मग रोज संध्याकाळी दहा मिनिटं टाकीत बाजूने हात सरकवून नुसता ठेवायचा. ती अंधारून आलं की बाहेर पडते, आणि डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे वेळेची अडचण नव्हती. हिची जात मुळात अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारतातल्या कोरड्या खडकाळ भागातली. हिच्या टाकीचा एक कोपरा ३२ अंशांवर ठेवावा लागतो. आम्ही दोघीही उबेसाठी प्लगवर अवलंबून.

तीन आठवडे फक्त नाक दिसलं. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. बिळातून माझ्याकडे बघत ती सावकाश डोळे मिटायची. मग एकदा बोट चाटून गेली. ते प्रेम नव्हे, वास घेणं. तीन दिवसांत पाल खांद्यावर बसवणाऱ्यांचे रील्स मी तेव्हापासून बघत नाही. विश्वास हा शब्दही मला जरा मोठाच वाटतो. हा कोमट दगड चावत नाही, एवढंच तिने बहुधा ठरवलं असावं.

नवी शेपटी आली ती बुटकी, फुगीर, बिटाच्या कंदासारखी. पहिलीवरची नक्षी तिच्यावर नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने पुढचे दोन पाय तळहातावर ठेवले. मग पोट, मग ती सगळीच वर आली. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. तिने ती आखूड शेपटी उचलून सावकाश डावी-उजवीकडे हलवली. ही धमकी, हे मला आता कळतं. मी हात हलवला नाही. फोन थांबला. ती थांबली.

आईला मी तासाभराने फोन केला.