मोझेलच्या पाण्यावरून

जर्मनीतील नद्यांपैकी ऱ्हाइन ही शालेय भूगोलामुळे आपल्याकडे बहुतेकांस ठाऊक असते. तिला कोब्लेन्झ नगरापाशी येऊन मिळणारी मोझेल मात्र फारशी कोणाच्या कानी आलेली नसते. फ्रान्समधील वोझ पर्वतात उगम पावून, वाटेत लुक्झेंबर्गची सीमा आखीत, सुमारे साडेपाचशे किलोमीटर चालून ही नदी ऱ्हाइनमध्ये विलीन होते. कोब्लेन्झ हे नावदेखील 'संगम' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. संगमावर गाव वसवावे ही बुद्धी सर्व देशांतील माणसांस सारखीच सुचलेली दिसते! या संगमापासून प्रवाहाच्या उलट दिशेने, ट्रियर या प्राचीन नगरापर्यंत, जहाजाने जाण्याचा योग आम्हांस शरद ऋतूत आला. अंतर जलमार्गाने सुमारे एकशे नव्वद किलोमीटर. आगगाडी ते दीड-दोन तासांत तोडते. आम्हांस चार दिवस लागले, आणि ते थोडेच वाटले.

इतर प्रवासी या खोऱ्यात येतात ते तेथील द्राक्षारसाच्या ओढीने. आमची ओढ काहीशी निराळी होती. १८५४ सालापासून पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबई-पुण्याच्या मिशनचा भार जर्मन येशूसंघीयांनी वाहिला. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली त्यांनीच स्थापिले. आणि मराठी कॅथलिकांच्या घरोघरी गेलेले 'निरोप्या' मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले, जे पुढे पुण्याचे बिशप झाले. परक्या देशात येऊन आपली भाषा शिकून तीत लिहिणारी ही माणसे ज्या देशातून आली, तो देश, तेथील देवळे व शेते एकदा डोळ्यांनी पाहावीत, एवढीच आमची इच्छा होती.

परंतु मोझेलच्या खोऱ्यात जाऊन द्राक्षारसाचा विषय टाळणे म्हणजे पंढरपुरास जाऊन विठोबाचे नाव न घेण्यासारखे आहे. आणि हा विषय आपल्या कुटुंबांतून वाचल्या जाणाऱ्या पत्रात काढावयाचा म्हणजे थोडा संकोच होतो, हेही आम्ही जाणतो. आपल्या भाषेत या एका पेयास दोन नावे आहेत. वेदीवर तो द्राक्षारस. वेशीबाहेर ती दारू. मिस्साबलिदानाच्या वेळी ज्या रसाच्या प्याल्यापुढे आपण मस्तक लववितो, त्याच्याच भाऊबंदांनी आपल्या किती घरांतील भांडीकुंडी विकावयास लावली, हे प्रत्येक धर्मग्रामातील धर्मगुरूंस विचारावे. आमच्या मंडळीतील एका मावशींनी तर जहाजावर पाऊल ठेवतानाच सांगून टाकले, "मी नदी पाहायला आले आहे हं, ते पेले पाहायला नाही." त्यांच्या घरात काय होऊन गेले होते हे आम्हां सर्वांस ठाऊक होते, म्हणून कोणी थट्टा केली नाही.

जहाज लांबलचक, परंतु रुंदीने बेताचे. त्याचे कारण लवकरच कळले. मोझेल पूर्वी उथळ व लहरी होती. उन्हाळ्यात तीतून मोठी नाव जात नसे. १९५६ साली फ्रान्स, जर्मनी व लुक्झेंबर्ग यांनी करार करून ती बांधून काढण्याचे ठरविले, आणि १९६४ साली हा जलमार्ग खुला झाला. एकमेकांशी तीन युद्धे लढलेल्या दोन राष्ट्रांनी अकरा वर्षांमागील शत्रुत्व बाजूस सारून एका नदीसाठी एकत्र बसावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. कोब्लेन्झ ते ट्रियर या टप्प्यात दहा बंधारे असून प्रत्येकापाशी जहाजासाठी पाण्याची एक बंदिस्त खोली आहे. जहाज आत शिरले की मागील दार मिटते, पाणी चढू लागते, आणि जहाज सहा-सात मीटर, कोठे नऊ मीटरही, वर उचलले जाते. खोलीची रुंदी बारा मीटर. भिंत आणि जहाज यांमध्ये वीतभर जागा उरते. पहिल्या वेळी सर्वजण धावत कठड्याशी गेले. चौथ्या वेळी कोणी चहाचा पेलासुद्धा खाली ठेवला नाही.

जहाजाची गती अशी, की काठावरील वाटेने सायकलवरून जाणारी शाळकरी मुले आम्हांस मागे टाकून जात. नदी सर्पासारखी वळसे घेते. सकाळी उजवीकडे दिसलेले देऊळ तासाभराने डावीकडे दिसते. दोन्ही काठांस उभे डोंगर, आणि त्यांवर, जेथे आपण शेळीही चरावयास सोडणार नाही अशा उतारावर, द्राक्षांचे मळे. नाशिक-सांगलीकडचे मांडवावर चढविलेले सपाट मळे पाहिलेल्या माणसास हे शेत आहे असे प्रथम वाटतच नाही. येथे पुष्कळ ठिकाणी प्रत्येक वेलीस स्वतःचा एकेक खांब असतो, आणि तिच्या दोन फांद्या दोन्ही बाजूंनी वाकवून खांबास बांधतात. दुरून पाहता हृदयाची आकृती दिसते. जमीन म्हणजे निव्वळ पाटीच्या दगडाच्या कपच्या. या कपच्या दिवसा ऊन पितात आणि रात्री ती ऊब वेलींना देतात. म्हणूनच इतक्या उत्तरेकडील थंड प्रदेशात रीसलिंग जातीचे द्राक्ष पिकते. ट्रियरचे आर्चबिशप हे त्या काळी तेथील राजेही असत. त्यांच्यापैकी क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी १७८७ साली हलक्या जातीच्या वेली काढून चांगल्या लावाव्यात असा हुकूम काढला. रीसलिंगचा या खोऱ्यातील विस्तार तेव्हापासूनचा.

कोखेमचा किल्ला जहाजावरून फार भव्य दिसतो. चौदाव्या लुईच्या सैन्याने १६८९ साली तो उडवून दिला होता. आज दिसतात ते मनोरे बर्लिनच्या एका धनिक व्यापाऱ्याने १८६८ नंतर हौसेने उभारले. आम्हांस त्याहून जवळचे वाटले ते पुढचे बाइलश्टाइन. मूठभर घरांचे गाव, वर पडका किल्ला, आणि शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेले की कार्मेल संघाच्या जुन्या मठाचे देऊळ. तेथे सावळ्या मरियामातेची मूर्ती आहे. मावशी तिच्यापुढे गुडघे टेकून बराच वेळ बसल्या. देवळात भेटलेल्या एका वृद्ध धर्मगुरूंना त्यांनी आमच्यातील जर्मन जाणणाऱ्या सिस्टरांमार्फत सरळ विचारले, "फादर, एवढे मळे आहेत, मग तुमच्याकडे दारूने घरं बुडत नाहीत का?"

धर्मगुरू हसले नाहीत. "बुडतात," ते म्हणाले. त्यांनी सांगितले की, याच कारणासाठी जर्मनीतील कॅथलिकांनी १८९६ साली आखेन येथे 'क्रॉइत्झबुंड', म्हणजे क्रुसाचा संघ, स्थापिला. व्यसनात सापडलेली माणसे व त्यांचे कुटुंबीय त्याच्या लहान लहान गटांत नियमाने जमतात व एकमेकांस सावरून धरतात. तो संघ आजही चालू आहे. मावशींनी ते नाव सिस्टरांकडून कागदावर लिहून घेतले आणि कागद प्रार्थनापुस्तकात ठेवला.

ब्रेम गावाजवळील कालमोंट हा युरोपातील सर्वांत उभ्या चढणीच्या द्राक्षमळ्यांपैकी एक. काही ठिकाणी उतार पासष्ट अंशांपर्यंत जातो. तोडणीचे दिवस होते. माणसे एका दाती रुळावरून चढणाऱ्या इवल्याशा गाडीत बसून वर जात होती आणि तेथून पाय रोवीत खाली उतरत होती. यंत्र येथे फारसे चालत नाही. सपाट मळ्याच्या कित्येक पट श्रम या उतारावर लागतात, आणि बाजारात बाटलीस त्या मानाने किंमत मिळते असे नाही. म्हणून जागोजाग मळे पडीक पडून झुडपांनी भरलेले दिसतात. तरुण मुले शहरांकडे जातात. तोडणीस पोलंड-रुमानियाकडील मजूर येतात. हे दुःख नवे नाही. ट्रियर येथेच १८१८ साली जन्मलेल्या कार्ल मार्क्सने १८४३ साली वृत्तपत्रात याच मोझेलकाठच्या मळेवाल्यांच्या दैन्याविषयी लिहिले होते. त्याची पुढील मते आम्हांस मान्य नाहीत, हे सांगणे नकोच. पण त्या लेखातील विषय त्याने डोळ्यांसमोर पाहिला होता, हेही नाकारण्याचे कारण नाही.

त्सेल, ट्राबेन-ट्रारबाख ही गावे आली व गेली. वेलेनपाशी उतारावरील खडकात १८४२ साली बसविलेले एक मोठे सूर्यघड्याळ आहे. मळ्यात राबणाऱ्यांस वेळ कळावी हा हेतू. आज त्या मळ्याच्या बाटल्या जगभर महाग विकल्या जातात, आणि नाव त्या घड्याळाचेच.

मग बेर्नकास्टेल-कूस. उजव्या तीरावरील बेर्नकास्टेलचा चौक, लाकडी चौकटीची घरे आणि १४१६ साली बांधलेले, खाली अरुंद व वर रुंद असे ते गमतीचे घर यांची छायाचित्रे सर्वजण काढतात. आम्हीही काढली. परंतु ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते पुलापलीकडे कूस येथे आहे.

१४०१ साली या कूस गावी एका नावाड्याच्या घरी निकोलस नावाचा मुलगा जन्मला. बापाचा नदीवर माल वाहण्याचा धंदा. मुलगा शिकला, धर्मगुरू झाला, ग्रीकांशी ऐक्य घडवून आणण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेला. तत्त्वज्ञ, गणिती व शेवटी कार्डिनल झाला. देव माणसाच्या बुद्धीच्या पलीकडे आहे हे जाणणे हेच खरे ज्ञान, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १४४० सालचा. अशा माणसाने रोममध्ये एखादा प्रासाद बांधला असता तर कोणास नवल वाटले नसते. त्याने आपल्या भावंडांसह १४५८ साली जन्मगावी, नदीच्या काठी, नावाड्यांचे कैवारी संत निकोलस यांच्या नावे, एक घर उभे केले. नियम असा की, त्यात तेहेतीस वृद्ध पुरुष राहावेत. प्रभू येशू या पृथ्वीवर जितकी वर्षे राहिला तितके. वय पन्नासाच्या वर, अंगमेहनतीने झिजलेले, गरीब. सहा धर्मगुरू, सहा कुलीन आणि एकवीस सामान्य जन. त्यांच्या चरितार्थासाठी जमिनी व द्राक्षमळे संस्थेस जोडून दिले.

निकोलस १४६४ साली इटलीत तोडी येथे वारले. देह रोमला आहे. हृदय मात्र इच्छेप्रमाणे कूसच्या या घरातील प्रार्थनामंदिरात पुरले आहे. वेदीवरील क्रुसाच्या चित्रात लाल वस्त्रातील कार्डिनल स्वतः गुडघे टेकलेले दिसतात. शेजारी त्यांचा ग्रंथसंग्रह आहे, तीनशेवर हस्तलिखिते. हे सर्व आम्ही आदराने पाहिले. परंतु त्याहून मनात राहिले ते हे की, ते घर अद्याप चालू आहे! धर्मक्रांती झाली, फ्रेंच आले, राज्ये बदलली, दोन महायुद्धे झाली. आणि आजही त्या अंगणाभोवतालच्या कमानींखालून म्हातारी माणसे काठी टेकीत जेवणाच्या वेळेस जाताना दिसतात. आता तेथे स्त्रियाही राहतात. साडेपाचशे वर्षांवर हे चालले, आणि त्या खर्चाचा भार शतकानुशतके समोरच्या उतारावरील वेलींनी उचलला.

खाली जुन्या तळघरात प्रवाशांस द्राक्षारसाची चव देतात. आमच्यापैकी काहींनी घेतली. मावशी वरच कमानीखाली थांबल्या. तेथील एका म्हाताऱ्या बाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या होत्या. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी आम्ही वर आलो तेव्हा एकीची जपमाळ दुसरीच्या हातात होती. जहाजाकडे परतताना मावशी म्हणाल्या, "इथं मळ्यांनी म्हाताऱ्यांना पोसलं. आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढून गुत्ता पोसला." पुलावरून जाताना कोणी काही बोलले नाही.

पुढे पीस्पोर्ट येथे डोंगराच्या पायथ्याशी, चौथ्या शतकात रोमन लोक जेथे द्राक्षे तुडवीत ती दगडी टाकी १९८५ साली उकरून काढण्यात आली. त्याच शतकात, इसवी सन ३७१ च्या सुमारास, औसोनियस नामक कवीने या नदीवर लॅटिनमध्ये काव्य रचले.

चौथ्या दिवशी ट्रियर. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळी हे बादशहांच्या वास्तव्याचे नगर होते. संत अँब्रोज यांचा जन्म येथलाच, आणि संत अथानासियस हद्दपारीत येथेच राहिले. शहराच्या काळ्या दगडी रोमन वेशीत अकराव्या शतकात सिमेओन नावाचा ग्रीक तपस्वी स्वतःस कोंडून घेऊन राहिला. प्रेषित मत्थियाची कबर येथे आहे. कॅथीड्रल जर्मनीतील सर्वांत प्राचीन. परंपरेने प्रभूचा मानलेला अखंड झगा तेथे जतन केलेला आहे. तो क्वचितच दर्शनास काढतात. अलीकडे १९९६ व २०१२ साली काढला होता. रविवारच्या मिस्साला आम्ही तेथे होतो. या कॅथीड्रलचे व सेमिनरीचे स्वतःचे द्राक्षमळे असून १९६६ पासून ते एकत्र चालतात. याजकांनी प्याल्यात पाण्याचा थेंब मिसळला, तेव्हा मावशींचे मस्तक सर्वांबरोबर लवले.

दुपारी सर्वजण वस्तुसंग्रहालयात गेलो. नॉयमागेन येथे १८७८ साली सापडलेले, इसवी सन २२० च्या सुमाराचे एका व्यापाऱ्याच्या थडग्यावरील दगडी शिल्प तेथे आहे. पिंपांनी भरलेली नाव, दोन्ही बाजूंस वल्हेकरी, आणि त्यांच्यात एक नावाडी मनापासून हसत असलेला. 'हसरा नावाडी' म्हणून त्या भागात त्याची ख्याती आहे. आमच्यातील एका गृहस्थांनी शेरा मारला की, पिंपातील माल याने वाटेतच चाखला असावा. मावशी चष्मा सारखा करून पुढे झाल्या, त्याचा चेहरा नीट न्याहाळला, आणि म्हणाल्या, "छे, प्यालेला नाही तो. घरी चाललाय."