पाइप लावण्याआधी

पुणे

चि. अमेय,


वेंगुर्ल्याच्या पडवीतली आजोबांची चेतक तू उघडायला घेतलीस, हे वहिनींकडून कळलं. फार आनंद झाला. पण नट हलेना म्हणून पान्याला लोखंडी पाइप लावणार असशील, तर थांब.

बजाजने १९७२ साली आणलेल्या या स्कूटरचं क्रँककेस अॅल्युमिनियमचं, त्यात रोवलेले स्टड पोलादी. खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. लोखंडाचा गंज तर मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा अडवतो. केसाएवढ्या फटीत तो पाचरीसारखा बसतो. अशा वेळी जोर लावला की गंज तसाच राहतो, स्टड मोडतो.

जाणते मिस्त्री आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करतात, झिरपणारं तेल सोडतात आणि रात्रभर गाडीकडे फिरकत नाहीत. सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके देतात, मग सहा कोनांची गोटी बसवून नट आधी किंचित आवळतात. गंजाची पकड तिथे सुटते. पुढे पाव फेरा सैल, थोडा परत, पुन्हा तेल.

तेल म्हणून सगळीकडे मिळणारं डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला चाळिसाव्या प्रयोगात साधलं. ओलावा दूर ठेवणं हे त्याचं मूळ काम. हट्टी गंजासाठी खास झिरपणारं तेलच आण.

तरीही नट हटला नाही, तर उष्णता. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टडभोवतीचं केसिंग तापवलं की भोक सैलावतं. चेतकची पेट्रोलची टाकी सीटखाली, इंजिनाच्या डोक्यावरच असते. ती उतरवून लांब ठेवल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही.

आत पिस्टनही अडकलेला असेल, म्हणून किकला मात्र हात लावू नकोस. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओत, चार-पाच दिवस मुरू दे. नंतर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू मागेपुढे हलव. पिस्टन जरासा सरकला तरी काम झालं.

हेड उतरलं की सिलिंडरच्या भिंतीचा फोटो पाठव. ओरखडे खोल असले तर बोअरिंग करावं लागेल; त्या मापाचा पिस्टन इथे शोधून ठेवतो.

तुझा,
काका