ब्रायटनचा महाल आणि वोकिंगची मशीद

हल्ली आपल्यातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी इंग्लंडात असतं. कुणाचा मुलगा लेस्टरला नोकरीला, कुणाची मुलगी बर्मिंगहॅमला शिकायला. मग आई-वडिलांचं दोन-तीन आठवड्यांसाठी जाणं होतं आणि परत आल्यावर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तेच फोटो असतात: टॉवर ब्रिज, नदीकाठचा मोठा पाळणा, राजवाड्याच्या फाटकापुढचे लाल डगलेवाले शिपाई. ते पाहू नये असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही पाहिलं. पण लंडनपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरात दोन गावं आहेत, दक्षिणेला समुद्रकाठचं ब्रायटन आणि नैर्ऋत्येला वोकिंग. आपल्या माणसांनी तिथे एकेक दिवस तरी द्यावा असं आम्हाला फार वाटतं. दोन्ही गावांना जोडणारा धागा दुःखाचा आहे, आणि तो धागा हाताशी धरूनच ती पाहावीत.

आम्ही दोघं, आमची भाची आणि तिची दोन मुलं असे जून महिन्यात गेलो. एक सूचना आधीच देऊन ठेवतो. जूनमध्ये तिकडे मगरिब रात्री सव्वानऊच्या पुढे होते, त्यामुळे फिरायला दिवस मोठा मिळतो, पण इशासाठी जागावं लागतं. डिसेंबरात जाल तर चारच्या सुमारास मगरिब; जोहर आणि असर यांच्यात जेवायलाही सवड राहत नाही. त्या हिशेबाने बेत करावा.

आधी ब्रायटन. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी तासाभरात पोहोचवते. स्टेशनाबाहेर पडून उताराने समुद्राकडे चालत निघालं की थोड्या वेळाने घरांच्या आडून घुमट दिसू लागतात. कांद्याच्या आकाराचे घुमट, बारीक मिनार, जाळीदार कमानी. क्षणभर आपण लखनौला आलो की काय असं वाटतं. हा रॉयल पॅव्हिलियन. राजपुत्र जॉर्ज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, याने आपल्या चैनीसाठी तो बांधवून घेतला. जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५ ते १८२३ या काळात त्याला हे हिंदुस्थानी रूप दिलं. बाहेरून हिंदुस्थान, आत मात्र चीन. जेवणाच्या दालनात छताला भलंमोठं झुंबर आहे आणि ते एका चंदेरी ड्रॅगनने पंजात धरलंय. खरं सांगायचं तर आम्हाला आतली सजावट डोळ्यांवर आली. तिकीट काढून आत जायचं. भोवतीची बाग मात्र सगळ्यांना खुली आहे आणि तिथे दुपार छान जाते.

बागेत बसून मुलांना जे सांगितलं ते असं. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हिंदुस्थानी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर गेल्या. थंडी, चिखल आणि खंदक. जखमींना समुद्र ओलांडून इकडे आणायचं ठरलं आणि डिसेंबर १९१४ पासून या महालात हिंदुस्थानी सैनिकांचं इस्पितळ उघडलं. त्या ड्रॅगनवाल्या झुंबराखाली खाटा मांडल्या. शेजारच्या घुमटाच्या इमारतीत, जी मूळची घोड्यांची पागा होती, तिथेही खाटा. सातशेहून जास्त रुग्णांची सोय केली होती. स्वयंपाकघरं नऊ होती, मुसलमानांची वेगळी, हिंदूंची वेगळी. पाण्याचे नळ वेगळे. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. बागेच्या पूर्वेकडच्या हिरवळीवर मुसलमान शिपायांना नमाजासाठी जागा दिली होती, शिखांच्या गुरुद्वारासाठी तंबू उभारला होता.

व्यवस्था चोख होती, हे मान्य करायलाच हवं. पण ती निव्वळ माणुसकीपोटी नव्हती. तुर्कस्तानच्या सुलतानाने नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांविरुद्ध जिहादचा पुकारा केला होता आणि सरकारला मुसलमान शिपायांच्या निष्ठेची धास्ती होती. म्हणून महालातल्या खाटांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली, शिपायांसाठी उर्दू-गुरुमुखीत माहितीपुस्तिका काढली. राजाने आपला महाल तुम्हाला दिला, असं शिपायांच्या मनावर ठसवलं गेलं. वास्तविक राणी व्हिक्टोरियाकडून ब्रायटन गावाने तो १८५० सालीच विकत घेतला होता! गावातल्या दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळात तर शिपायांना बाहेर मोकळं फिरता येऊ नये म्हणून भिंतींवर काटेरी तार लावली होती. घरी लिहिलेल्या पत्रांत शिपायांनी त्याबद्दल तक्रार केली आहे.

याच हिरवळीवर २५ ऑगस्ट १९१५ रोजी पाचव्या जॉर्जने जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. सरहद्द प्रांताकडचे पठाण. ईप्रच्या लढाईत विषारी वायूच्या माऱ्यात त्यांनी आपली तुकडी सावरली, जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणलं. आणि त्यांचा सख्खा भाऊ मीर मस्त? तो त्याच वर्षी मार्चमध्ये काही साथीदारांसह जर्मनांना जाऊन मिळाला होता. एका आईचे दोन मुलगे, एक इकडे, एक तिकडे. यातलं कोण बरोबर असा प्रश्न भाचीच्या थोरल्याने केला. आम्ही उत्तर दिलं नाही. दोघांनाही त्या युद्धाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, एवढंच सांगितलं.

बागेच्या दक्षिणेला एक दगडी कमान आहे, गुजराती धाटणीची. तिला इंडिया गेट म्हणतात. हिंदुस्थानकडून गावाला आभाराची भेट म्हणून दिलेली ही कमान १९२१ साली पतियाळाच्या महाराजांनी खुली केली.

ब्रायटनचा आपल्याशी संबंध त्याहून शंभर वर्षं जुना आहे, तोही सांगून टाकतो. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८२१ मध्ये इथे समुद्रकाठी वाफेचं स्नानगृह काढलं. आपली चंपी त्यांनी गोऱ्या साहेबांना विकली आणि ‘शाम्पू’ हा शब्द रूढ केला. चौथा जॉर्ज आणि त्याच्या पाठचा विल्यम हे दोघेही त्यांचे गिऱ्हाईक. त्याआधी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढूनही त्यांनी पाहिलं होतं, पण ते चाललं नाही. चंपी मात्र चालली. त्यांची कबर ब्रायटनमध्येच आहे, सेंट निकोलस चर्चच्या आवारात.

समुद्रावर वाळू नाही, सगळे गोटे. मुलांना तेच आवडलं. मासे आणि चिप्स खाणार असाल तर तळणीचं तेल कोणतं ते आधी विचारा. काही दुकानांत अजून जनावराच्या चरबीत तळतात. विचारल्याचं कुणी वाईट मानत नाही.

या इस्पितळांत जे शिपाई वाचले नाहीत त्यांचं काय झालं? हिंदू आणि शीख शिपायांना गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे आज संगमरवरी छत्री आहे, तिचं नावच छत्री. मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुकाराचा तो आराखडा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं उद्घाटन झालं. जवळच्या दगडावर ५३ नावं आहेत. टेकडी चढून जावं लागतं, वाटेत मेंढ्या चरत असतात आणि वर वारा असा की ओढणी सांभाळता सांभाळता पुरेवाट होते. तरी जावं. मुसलमान शिपायांचे जनाजे मात्र इथून वोकिंगला नेत, कारण तिथे मशीद होती.

आपणही तिकडेच जाऊ. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून वोकिंग अर्ध्या तासावर आहे. स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटं, साध्या बंगल्यांच्या रस्त्याने, ज्याचं नाव ओरिएंटल रोड. झाडांतून एकदम हिरवट घुमट दिसतो. १८८९ साली बांधलेली शाहजहान मशीद, मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली पहिली इमारत. बांधणारा कोण, तर डॉ. गॉटलीब लाइटनर, हंगेरीत जन्मलेला ज्यू कुळातला विद्वान. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचा तो प्राचार्य होता. वोकिंगमध्ये त्याने पौर्वात्य विद्येची संस्था काढली आणि तिकडे येणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांना नमाजाला जागा हवी म्हणून मशीद उभी केली. पैशाची मोठी मदत भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांची, त्याच ज्यांनी भोपाळची ताजुल मसाजिद बांधायला घेतली. आराखडा विल्यम चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुकाराचा. शेजारच्या घराला हैदराबादच्या सर सालारजंग यांचं नाव आहे. मराठवाड्यातल्या वाचकांना ते नवं नाही.

मशीद किती लहान असावी! आपल्या एखाद्या वाडीतली मशीदही मोठी निघेल. पण प्रमाणबद्ध, नेटकी, जणू दागिन्याची डबी. जुम्याची मोठी जमात शेजारच्या इमारतीत होते. आम्ही जोहर मूळच्या मशिदीत पढलो. स्त्रियांसाठी कुठे सोय आहे ते आधी विचारून घ्यावं, तिथले लोक आपुलकीने सांगतात. राणी व्हिक्टोरियाचे हिंदुस्थानी सेवक, त्यांत मुन्शी अब्दुल करीमही, राणी विंडसरला असताना इथे नमाजाला येत. १८९९ मध्ये लाइटनर वारला आणि मशीद जवळजवळ ओस पडली. १९१३ साली लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी ती पुन्हा सुरू केली. २०१८ मध्ये सरकारने तिला वारसा इमारतींच्या पहिल्या श्रेणीत घेतलं.

मशिदीपासून पायी अर्ध्या तासाच्या आत हॉर्सेल कॉमन नावाची पाइनची रानराई आहे. तिथे विटांची भिंत, कमानी आणि घुमटाचा दरवाजा दिसतो. हेच ते शिपायांचं कबरस्तान. इंग्रज मुसलमान शिपायांना त्यांच्या रीतीने दफन करत नाहीत असा प्रचार जर्मनांनी चालवला होता, आणि बर्लिनजवळच्या कैद्यांच्या छावणीत स्वतः एक लाकडी मशीद बांधून दाखवली होती. वोकिंगच्या इमामांनीही सरकारकडे चांगल्या जागेचा आग्रह धरला. तेव्हा ही जागा मिळाली आणि १९१७ पर्यंत बांधकाम पुरं झालं. जिवंतपणी ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या कबरींवरून दोन बादशाह्यांत चढाओढ! तरी त्या चढाओढीतून का होईना, गुसल, कफन आणि जनाजाची नमाज त्यांच्या वाट्याला आली.

दोन्ही महायुद्धांतले मिळून २७ जण इथे होते. पुढे जागेकडे दुर्लक्ष झालं, मोडतोड होऊ लागली आणि १९६८ मध्ये सगळ्यांना तिथून हलवून ब्रुकवुडच्या लष्करी कबरस्तानात नेलं. रिकाम्या आवारात अनेक वर्षं झाडोरा माजला होता. मग डागडुजी झाली आणि २०१५ साली तिथे शांतता बाग उघडली. २७ जणांसाठी भूर्जाची २७ झाडं लावली आहेत, तोच हिमालयातला भूर्ज ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. पांढऱ्याशुभ्र खोडांची झाडं आणि एका दगडावर नावं. आम्ही ती मोठ्याने वाचली, फातेहा पढलो. कुणीही नव्हतं, फक्त एक बाई कुत्रा घेऊन भिंतीबाहेरून गेली.

मुलांना इथे दुसरंच कौतुक. एच. जी. वेल्सच्या प्रसिद्ध कादंबरीत मंगळावरचे प्राणी याच रानात उतरतात, आणि त्यांच्या माऱ्यात वोकिंगच्या मशिदीचा कळसही उडतो. गावात त्या मंगळवासी यंत्राचा सात मीटर उंचीचा पुतळा आहे. मुलांना आधी ते दाखवायचं कबूल करा, मग तीही आनंदाने कबरस्तानात येतात.

वोकिंगच्या पुढचं स्टेशन ब्रुकवुड. १८५४ पासूनचं हे कबरस्तान देशातलं सर्वांत मोठं. पूर्वी लंडनहून मय्यतींची खास रेल्वे इथे येई आणि तिच्यातही पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असे! लाइटनरने इथे मुसलमानांसाठी वेगळी जागा मिळवून ठेवली होती. त्या भागात न्यायमूर्ती सय्यद अमीर अली आहेत, लिव्हरपूलचे अब्दुल्ला क्विलियम आहेत, आणि एकमेकांपासून फार दूर नाहीत असे दोघे, ज्यांची नावं आपल्या घरातल्या कपाटात सापडतील.

मार्माड्यूक पिकथॉल लंडनच्या पाद्र्याच्या घरी जन्मले, १९१७ मध्ये मुसलमान झाले, १९२० ते १९२४ मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, मग हैदराबादला गेले. निजामाने दिलेल्या पगारी रजेत त्यांनी कुरआनचा इंग्रजी अनुवाद पुरा केला. तो १९३० ला निघाला. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली. मुंबईत अंजुमनच्या शाळेत आणि विल्सन कॉलेजात शिकलेले, आय.सी.एस. झालेले. त्यांचा अनुवाद आज जगभर वाचला जातो. पण डिसेंबर १९५३ मध्ये लंडनच्या थंडीत ते रस्त्यावर निराधार अवस्थेत सापडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा इंतकाल झाला. न्यायला घरचं कुणी आलं नाही. दफनाची व्यवस्था पाकिस्तानच्या वकिलातीने केली.

भाचीच्या घरी त्यांचा अनुवाद आहे, लग्नात मिळालेला. धाकटीने दगडावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, ‘अम्मी, हे तर आपल्या पुस्तकावरचं नाव.’ आवार फार मोठं आहे, दिशा चुकते. म्हणून फाटकाशीच नकाशा पाहून घ्यावा, आणि फलाटावरून कबरस्तानात उतरायची वाट विचारून ठेवावी.