दूधदातांची शाळा

पिल्लू चावतं, हे चांगलं असतं! गेल्या हिवाळ्यात नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून चिंगी घरात आली, तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

चिंगी म्हणजे दिल्लीवाले जिला ‘इंडी’ म्हणतात ती, आपली गावठी कुत्री. तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडलेला. आई-भावंडांपासून फार लवकर तुटलेली. आल्या आल्या तिनं चावायला जी सुरुवात केली! मनगटं, पायाची बोटं, ओढणी, पडदे, काही म्हणून सुटलं नाही. पुण्याहून आईचा फोन, “अगं, एक चापट दे, सरळ होईल.” आमच्या व्हेटनं मात्र चापट मारायची नाही असं पहिल्याच भेटीत बजावलं. त्यांनी कारण सांगितलं आणि मी बघतच राहिले.

पिल्लाला २८ दूधदात असतात, कमालीचे टोकदार. पण जबड्यात जोर नसतो. म्हणजे चावा झोंबतो खूप, पण मोठी इजा सहसा होत नाही. मस्ती करताना एका पिल्लानं जोरात दात लावले की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. खेळच बंद! अशा असंख्य चाव्यांतून पिल्लाला कळत जातं की दात किती दाबायचे. साधारण चौथ्या महिन्यापासून हे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात, आणि मग जबडा खरा ताकदवान होतो. त्याच्या आत हा धडा गिरवून व्हायला हवा. काय योजना आहे! इयन डनबार या मूळच्या ब्रिटिश व्हेटनं १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात लहान पिल्लांना मोकळं खेळू देणारे वर्ग सुरू केले, त्यात याच गोष्टीवर भर होता.

चिंगीला भावंडं नव्हती, तेव्हा भावंडं आम्ही झालो. दात जोरात लागला की “आई गं!” म्हणायचं, हात सैल सोडायचा, पाठ फिरवायची. काही पिल्लांना ओरडण्यानं आणखी चेव येतो; तिथे मुकाट्यानं खोलीबाहेर जाणं बरं. अर्ध्या मिनिटानं परत खेळ. आधी जोराचे चावे बंद होतात, मग हलके, आणि शेवटी दात लावणंच. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. (कातडी फाटली तर मात्र हयगय नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.)

आणि संध्याकाळचा तो धिंगाणा! मला वाटायचं तिची ताकद उतू जातेय. छे, ती दमलेली असायची! एवढ्याशा पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. झोपेची वेळ टळली की ते चावत सुटतं. तिला फ्रीझरमधलं गार गाजर देऊन पिंजऱ्यात टाकलेल्या गोधडीवर सोडलं, की गाजर अर्धवट टाकून ती घोरायला लागायची.

सू-शीचं तर सगळं गणित घड्याळात आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा; फार तर तितके तास ते धरू शकतं, तेही शांत असताना. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर न्यायचंच. लसी पूर्ण नाहीत, पार्व्हो विषाणूची भीती, म्हणून खाली उतरायची सोय नाही. मग बाल्कनीत नर्सरीतून आणलेल्या हिरवळीचा ट्रे. जानेवारीच्या मध्यरात्री समोरचा टॉवर धुक्यात गडप, मी शाल गुंडाळून उभी, आणि ती नाक खाली घालून ट्रेवर गोल गोल फिरतेय. ते गोल फिरणं दिसलं की श्वास रोखून थांबायचं! सू झाली रे झाली, त्याच क्षणी “शाब्बास!” आणि पनीरचा तुकडा. उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते तिला कळत नाही. घरात झालेल्या जुन्या थारोळ्याबद्दल रागावलं तरी हेच. त्यातून ती फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकेल. आणि फिनाईलनं आपल्या नाकाचं समाधान होतं, तिच्या नाही. लघवीचा वास मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर आणलं, आणि सोफ्याजवळचा तो कोपरा तिनं कायमचा सोडला.

या शहरात या शाळेला फार मोल आहे. नोएडा प्राधिकरणाच्या नियमानुसार पाळीव कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्यानं कुणाला इजा केली तर मालकाला १०,००० रुपये दंड व उपचारांचा खर्च. २०२५च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी तर अख्खं एनसीआर ढवळून निघालं. लिफ्टमध्ये कुत्रं शिरलं की लोक भिंतीला चिकटतात. पण ज्यांना गावठी पिल्लू घरी आणायचंय त्यांनी अवश्य आणावं. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली १९७९ पासून चाललेलं ‘फ्रेंडिकोज’ हे प्राण्यांचं आश्रयस्थान आहे, आणि आपापल्या गल्ल्या आहेतच.

परवा चादर झटकताना चिंगीचा दूधदात पडला, तांदळाच्या कणीएवढा. आता तिचे सुळे पक्के आले आहेत. शेजारची चार वर्षांची मुलगी तळहातावर पनीर धरते, आणि चिंगी ते नुसत्या ओठांनी उचलते. मुलगी खिदळते, “आंटी, गुदगुदी हुई!” पुढच्या आठवड्यापासून दोघींना एकत्र लिफ्टनं खाली न्यायचंय!