उद्यांचें कपाट

बेकनचे निबंध शिकवितांना आम्ही त्याच्या मरणाची आख्यायिका विद्यार्थ्यांस आवर्जून सांगतों. थंडीनें मांस टिकतें काय, हें पाहण्यासाठीं त्यानें एका कोंबडीच्या पोटांत बर्फ भरला. त्या खटाटोपांत त्याला गारठा बाधला, आणि १६२६ सालीं तो वारला. ज्या प्रश्नापायीं तत्त्ववेत्त्यानें प्राण वेंचले म्हणतात, त्याचें उत्तर आज आमच्या स्वयंपाकघरांत गुणगुणत उभें आहे. मात्र प्रश्न विचारणारा कोणी उरला नाहीं. "फ्रिजमध्यें ठेवा" म्हटलें, कीं सर्वांची काळजी मिटते!

वस्तुतः थंडी अन्न राखीत नाहीं. नासण्याची गति तेवढी मंद करते. मुरंब्यांतील साखर व लोणच्यांतील मीठ जंतूंचें पाणीच तोडतात. फ्रिजमध्यें ४ अंश सेल्सियसला बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाहीं. फ्रीझरच्या उणे १८ अंशांतहि पुष्कळ जंतु मरत नाहींत, नुसते निजतात.

म्हणून या कपाटालाहि शिस्त हवी. शिजलेलें अन्न दोन तासांच्या आंत, ऐन वैशाखांत तर तासाभरांतच, उथळ भांड्यांत पसरून आंत जावें. मोठ्या पातेल्यांतील भात मध्यभागीं फार वेळ कोमट राहतो. कढत्या पाण्यालाहि दाद न देणारे कांहीं बीजाणु तेवढ्यांत अंकुरतात. त्यांचें विष दुसऱ्या दिवशींच्या फोडणीनेंहि जाईलच असें नाहीं. कच्चें मांस व मासळी झांकून सर्वांत खालीं ठेवावी. दूध दारांत नको, तेथें उघडझांकीची ऊब लागते. कपाट ठासून भरूं नये. शिजलेलें अन्न फार तर तीन-चार दिवस. भात दुसऱ्याच दिवशीं संपवावा. नाकावर विसंबूं नये. घातक जंतूंनीं ग्रासलेल्या अन्नाला पुष्कळदां वासहि येत नाहीं.

परंतु या कपाटानें समाजास लाविलेली मोठी खोड निराळीच आहे. पूर्वीं रात्रीं उरलेलें अन्न सकाळपर्यंत आंबे. म्हणून तें त्याच रात्रीं कोणाच्या तरी मुखीं घालावें लागे. दातृत्वाला तेव्हां मुदत होती. आतां डबा तीन दिवस आंत राहतो, आणि चौथ्या दिवशीं घरांत कोणी शिवेनासें झालें, कीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंची आठवण होते. हें आम्ही सुशिक्षितांच्या घरीं अनेकदां पाहिलें आहे. जें नातवाच्या पानांत वाढण्यास आपला हात धजत नाहीं, तें दुसऱ्याच्या मुलासाठीं बांधून देणें याला दान म्हणतां येत नाहीं. आपला केर त्याच्या पोटीं घातला, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या घरीं फ्रिजमधील प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी असते. मात्र जें कोणास द्यावयाचें, तें चिठ्ठी चिकटविण्यापूर्वींच, ऊन आहे तोंवर, बाजूस काढलें जातें.